टिळकांच्या घरातली पाच वर्षे : आपल्या माणसांपाशी श्रद्धेविषयी बोलावे काय?

१/
महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात आगगाडीचा एक प्रसंग फार प्रसिद्ध आहे. साल १८९३. नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या गाडीत नारायण वामन टिळक नावाचे एक चित्पावन ब्राह्मण कवी बसले होते. त्याच डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. गोरा माणूस उर्मटपणे वागेल अशी टिळकांची अपेक्षा. त्याने मात्र हसून जागा करून दिली. संस्कृत काव्याविषयी बोलणे निघाले. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

२/
प्रसंग नाट्यमय आहे, म्हणूनच तो इतका सांगितला जातो. परंतु त्यामुळे एक गैरसमज पक्का होतो. आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती एक पुस्तक ठेवणे आणि आपल्या स्टेशनावर उतरून जाणे, असे ऐकणाऱ्याला वाटू लागते. मला वाटते, टिळकांच्या चरित्रातील खरा महत्त्वाचा भाग त्या गाडीत घडलेला नाही. तो पुढील पाच वर्षांत त्यांच्या स्वतःच्या घरात घडला, आणि त्याची नायिका लक्ष्मीबाई आहेत.

३/
हा विषय आजच का? मराठी ख्रिस्ती तरुण आपल्या हिंदू, बौद्ध वा निरीश्वरवादी मित्रांपाशी श्रद्धेविषयी सहसा मौन पाळतात. नाताळचा केक डब्यातून येतो. नाताळ कशासाठी, हे बोलणे मात्र टळते. हे मौन समजण्यासारखे आहे. 'धर्मांतर' हा शब्द आज नुसता उच्चारला तरी बैठकीतले वातावरण ताठरते. तरीही हे मौन सभ्यतेचे लक्षण आहे असे मला वाटत नाही. ज्या गोष्टीवर एखाद्याचे आयुष्य उभे आहे ती जिवलग मित्राला ठाऊकच नसेल, तर त्या मैत्रीतली एक खोली कायमची कुलूपबंद राहते. ख्रिस्ती तरुणांनी बोलावे, या मताचा मी आहे. कसे बोलावे, यासाठी मात्र इतिहासाकडे जावे लागते.

४/
आधी व्यासपीठांचा इतिहास पाहू. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्यात जाहीर वाद झाला. वादानंतर दोन्ही बाजूंनी पुस्तके निघाली. १८५७ च्या जानेवारी ते मे या काळात विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद करीत होते. तेथे माणसांची गर्दी लोटत असे. अमेरिकन मिशनचे जॉर्ज बोवेन यांनी त्याच वर्षी त्या वादांचे पुस्तक इंग्रजीत छापले. मराठी गद्याच्या अभ्यासकाला हे सारे साहित्य म्हणजे मेजवानी आहे. पण या वाळूवर उभे राहून किती जणांची मने पालटली? वादात निरुत्तर झालेला माणूस श्रद्धा बदलून घरी जात नाही. तो पुढच्या आठवड्यात अधिक तयारी करून येतो.

५/
दुसरे व्यासपीठ शाळेचे, आणि तेथून वाट थेट न्यायालयात जाई. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, प्रकरण न्यायालयात गेले, पारशी मुले शाळेतून निघून गेली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, पण तो अज्ञान असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. (बाळशास्त्र्यांना आपण 'दर्पण'पुरतेच ओळखतो. हे प्रकरण अवश्य वाचावे; त्यात त्यांचा कणा दिसतो.)

६/
या प्रकरणांनी समाजाच्या मनात एक चित्र कोरले : ख्रिस्ती माणूस धर्माविषयी बोलू लागला की घर फुटते. आजच्या संशयाची मुळे बरीचशी येथे आहेत. तो संशय केवळ अज्ञानातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. परकी सत्ता, परकी शाळा आणि अल्पवयीन मुलगा अशी सांगड असताना बापाने घाबरू नये, असे कोण म्हणेल?

७/
वास्तविक ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रसार व्यासपीठावरून फारसा झालेला नाही. दुसऱ्या शतकात केल्सस नावाच्या ग्रीक विद्वानाने या धर्मावर कडाडून टीका केली. त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला, पण तिसऱ्या शतकात ऑरिजेनने त्याला उत्तर देताना त्यातील मोठाले उतारे दिले म्हणून तो आपल्याला कळतो. केल्ससची एक तक्रार अशी की लोकर विंचरणारे, चांभार, परीट असले अडाणी लोक घराघरांत शिरून बायकामुलांना हे शिकवतात, आणि घरचा मालक किंवा गुरुजी आले की गप्प होतात. टीकाकाराने तुच्छतेने लिहिलेले हे वाक्य इतिहासकाराला मात्र मोलाचे वाटते. रोमन साम्राज्यात ही श्रद्धा कामाच्या जागी आणि माजघरात, ओळखीच्या माणसांतून पसरत होती, याची साक्ष शत्रूच देतो.

८/
आता पुन्हा टिळकांकडे. येथे प्रथम त्यांच्या बाजूने न बोलणारी गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या दोन वर्षांत त्यांचे मन पालटत होते, डोंगरावरील प्रवचनाने ते झपाटले गेले होते, ख्रिस्ती मंडळींशी पत्रव्यवहार चालला होता, त्या दोन वर्षांत हे सारे त्यांनी आपल्या पत्नीला विश्वासात घेऊन सांगितले नाही. लक्ष्मीबाईंना संशय होता, धास्ती होती; खात्री नव्हती. बाप्तिस्म्याच्या वेळी त्या सोबत नव्हत्या. मग बातमी येऊन आदळली.

९/
'स्मृतिचित्रे'मधील तो भाग ज्यांनी वाचला आहे त्यांना त्या आघाताचे वर्णन वेगळे करून सांगायला नको. नवरा जिवंत, कपाळी कुंकू, आणि तरी संसार संपलेला. पदरी लहानगा दत्तू. १८९५ साली ब्राह्मण स्त्रीपुढे ही स्थिती येणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. विधवेला निदान शास्त्राने एक जागा नेमून दिली होती; या बाईला तीही नव्हती. त्या बहीण-मेहुण्यांच्या आधाराने राहिल्या, पंढरपूरला राहिल्या, आणि त्या दुःखात कविता करू लागल्या.

१०/
माझ्या मते टिळकांची सर्वांत मोठी चूक ही. पुष्कळ टीकाकार म्हणतात, ते धर्माविषयी फार बोलले. मला वाटते, जेथे बोलायला हवे होते तेथे ते गप्प राहिले. गाडीतल्या अनोळखी माणसापाशी मोकळे झालेले टिळक घरातल्या माणसापाशी मोकळे झाले नाहीत. कारण उघड आहे : अनोळखी माणूस रडत नाही, भांडत नाही, तोडून टाकत नाही. आपल्या माणसापाशी बोलण्याची किंमत जबर असते. परंतु न बोलण्याची किंमत टिळकांच्या घरात कोणी मोजली, हे आपण नुकतेच पाहिले.

११/
यानंतरची पाच वर्षे हाच माझ्या मते खरा इतिहास. टिळक अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या कामात होते, तेथे डॉ. ह्यूम यांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत. त्यांनी पत्नीचा नाद सोडला नाही. पत्रे लिहिली, भेटी घेतल्या, भांडणेही झाली. दोघेही मोठे तापट. अखेर लक्ष्मीबाई नगरला राहायला आल्या, पण हिंदू म्हणूनच. सोवळे त्यांचे त्यांच्यापाशी, चूल वेगळी, पाणी वेगळे. ख्रिस्ती झालेला नवरा आणि त्याचा स्पर्श चुकवणारी बायको एकाच संसारात राहू लागली. त्या काळच्या दोन्ही समाजांना हे विचित्रच वाटले असणार.

१२/
या घरात लक्ष्मीबाईंना ख्रिस्ती करून घेण्याची सक्ती टिळकांनी केली नाही. बोलणे मात्र थांबवले नाही. प्रार्थना चालत, भजने चालत, येणारेजाणारे ख्रिस्ती लोक दिसत, त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले कितीतरी असत. लक्ष्मीबाई पाहत होत्या. चिडत होत्या, टोमणे मारीत होत्या, आणि पाहत होत्या.

१३/
त्यांच्या मनाचा बांध फुटला तो ख्रिस्तविषयक सिद्धान्ताने नव्हे. प्रश्न जातीचा होता. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली म्हणावे तर जनावरांप्रमाणे माणसांच्या अंगावर तिची खूण का नाही? अशा साध्या, घरगुती तर्काने त्या विचार करीत गेल्या आणि एके दिवशी ठरवून टाकले की आजपासून कोणाच्याही हातचे खायचे. त्या वेळी त्या ख्रिस्ती नव्हत्या. जात प्रथम गेली; श्रद्धा त्यानंतर, आपल्या पावलांनी आली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१४/
येथे थांबून एक बाब पाहावी. टिळकांनी सांगितलेले लक्ष्मीबाईंनी जसेच्या तसे उचलले नाही. ज्या टोकाने टिळक आत शिरले ते टोक काव्याचे, तत्त्वज्ञानाचे, डोंगरावरील प्रवचनाचे होते. लक्ष्मीबाई स्वयंपाकघराच्या दाराने आल्या. ज्याला आपण ओळखतो त्याच्याशी बोलताना आपल्याला आपले भाषण विसरावे लागते, कारण समोरच्याचा प्रश्न आपल्या प्रश्नाहून निराळा असतो. व्यासपीठावर हे शक्य नसते. तेथे एकच भाषण हजार जणांना. शिवाय पाच वर्षे लक्ष्मीबाई काही नुसत्या ऐकत नव्हत्या. त्यांनी टिळकांनाही पुष्कळ ऐकवले, आणि ते त्यांना ऐकावे लागले.

१५/
आता त्याच घरातला दुसरा माणूस. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या कोवळ्या मुलाने सर्वांना थक्क केले आणि तो 'बालकवी' झाला. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागवले. 'स्मृतिचित्रे'त ठोंबऱ्यांविषयीचा मजकूर वाचताना हसू आणि डोळ्यांत पाणी एकदमच येते. घर ख्रिस्ती, उपासना रोजची, यजमान धर्मोपदेशक. मुलगा संवेदनशील, आर्थिक ओढाताणीतला, टिळकांना गुरू मानणारा.

१६/
बालकवी हिंदूच राहिले. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला तोपर्यंत हिंदूच. टिळक दांपत्याच्या प्रेमात त्यामुळे उणेपणा आल्याचे दिसत नाही. माझ्या दृष्टीने ही कसोटी लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्याहूनही मोठी. समोरच्याने 'हो' म्हटल्यावर प्रेम करणे सोपे आहे. त्याने काहीच म्हटले नाही, तरी त्याचे पान रोज त्याच पंक्तीला मांडले जाते का, यावरून कळते की मैत्री खरी होती की धर्मप्रसाराचे साधन होती.

१७/
ही कसोटी अधिक अवघड होते ती जेथे दोघे समान नसतात तेथे. टिळक गाडीत बसले त्याच १८९३ साली पुण्यात शारदासदनाचे वादळ उठले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत हे विधवांचे गृह काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. धर्मशिक्षण दिले जाणार नाही असे ठरले होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. काही मुली आत येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी सहानुभूती असलेली माणसेही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या.

१८/
रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या प्रार्थनेचे दारही लावून घेणार नाही. हे म्हणणे प्रामाणिक होते याविषयी मला शंका नाही. आपली श्रद्धा चोरून ठेवायची नाही, हा त्यांचा बाणाच होता. परंतु रानड्यांचा आक्षेपही पोकळ नव्हता. जिला अन्न, निवारा आणि शिक्षण एकाच बाईकडून मिळते आणि जिला परतायला दुसरे घर नाही, तिचा होकार मोकळा होता की ओशाळा, हे ती स्वतः तरी सांगू शकली असती काय? दोघांनाही न्याय देणारे उत्तर मला अजून सापडलेले नाही. पण मालक नोकरापाशी, शिक्षक विद्यार्थ्यापाशी, डॉक्टर रुग्णापाशी श्रद्धेविषयी बोलतो तेव्हा त्याने दहा वेळा विचार करावा, एवढे मी ठामपणे म्हणेन. बरोबरीच्या मित्राशी बोलताना हे ओझे नसते, म्हणून मैत्री ही या संभाषणाची सर्वांत निकोप जागा.

१९/
आपल्या राज्यघटनेनेही जवळपास हीच रेषा ओढली आहे. अनुच्छेद २५ मध्ये धर्म मानण्याच्या आणि आचरण्याच्या हक्कासोबत त्याच्या प्रसाराचाही हक्क आहे. 'प्रसार' हा शब्द ठेवावा की नाही यावर संविधान सभेत मोठी चर्चा झाली आणि शब्द राहिला. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसाराच्या हक्कात आपल्या धर्माची तत्त्वे मांडणे येते, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. या निकालावर अनेकांनी टीका केली आहे आणि तिच्यात तथ्य आहे : सांगणे आणि पटवणे यांच्यामधली भिंत कायद्याला वाटते तितकी सरळ नसते. तरीही आपल्या गावातल्या, वर्गातल्या, कचेरीतल्या मित्राशी बोलणाऱ्या तरुणाने हे ध्यानात ठेवावे की मांडण्याचा हक्क त्याचा आहे, निर्णय समोरच्याचा.

२०/
एक आक्षेप मला अपेक्षित आहे. एखादा म्हणेल, श्रद्धा खाजगी बाब आहे. मित्रांत ती आणूच नये. असे म्हणणारे राजकारण, आहार, क्रिकेट, लग्न यांविषयी मित्रांना पटवण्यासाठी रात्री जागवतात. फक्त जगण्यामरण्याच्या प्रश्नावर ओठ शिवून घ्यायचे, हा कुठला न्याय? शिवाय महाराष्ट्राची परंपरा काही निराळेच सांगते. वारीत चालणारा शेजारी आपल्याला पंढरीला चला म्हणतो तेव्हा आपण त्याला प्रचारक म्हणत नाही. तो आपल्याला जे गोड लागले ते आपल्या माणसाला देऊ पाहतो.

२१/
टिळकांना ही गोष्ट नेमकी कळली होती. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. अभंग, ओवी, कीर्तन यांतून त्यांनी ख्रिस्त मराठीत आणला. कारण विलायती पेहराव चढवलेला देव शेजाऱ्याला परका वाटतो, हे त्यांना सलत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. चर्चमधील अनेकांना हे रुचले नाही. पण ज्याने पाच वर्षे आपल्या बायकोची वेगळी चूल मान्य केली आणि बालकवींना घरात ठेवून घेतले, त्याच्या हातून याहून वेगळे काय घडणार होते? दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईत वारले.

२२/
त्यांच्यामागे 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य अपुरे राहिले होते. टिळकांच्या हातून सुरुवातीचे मोजके अध्यायच झाले होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या, एके काळी नवऱ्याचा स्पर्श चुकवणाऱ्या या बाईने पुढची पन्नासाहून अधिक प्रकरणे स्वतः रचली. त्या ओव्यांतला ख्रिस्त टिळकांच्या ख्रिस्ताहून वेगळा आहे : अधिक घरातला, चुलीजवळ बसणारा. दोघांचे अध्याय लागोपाठ वाचून पाहा.